घोंगडीत बांधलेला कीबोर्ड

“बंद पडलं का ओ मशीन?” बाजार कमिटीच्या चेअरमननी माझ्या कानाशी येऊन विचारलं. बंद पडलं नव्हतं. ते वाट बघत होतं. पण शे-दीडशे माणसं तोंडाकडे बघत असताना हा फरक सांगायचा कसा?

नव्वदीचं दशक संपत आलेलं. इंदापुरात नव्या बाजारातल्या गाळ्यांची सोडत होती. चिठ्ठ्यांवर कुणाचा भरवसा उरला नव्हता, म्हणून बारामतीहून मला प्रोग्रॅम लिहायला बोलावलं. बावड्याचे तात्या रस्त्याकडेला उन्हात बसून घोंगड्या विकायचे. दोन सोडतींत त्यांचं नाव हुकलेलं. त्यांची अट एकच, सोडत चालू असताना मशीनला कुणी हात लावायचा नाही. मी एंटर दाबल्याबरोबर त्यांनी कीबोर्ड आणि माउस घोंगडीत गुंडाळून वर सुतळीची गाठ मारली.

तिथंच माशी शिंकली. कॉम्प्युटरला स्वतःहून लहरीपणा जमत नाही. दोन कळा दाबण्यात किती वेळ गेला, असल्या बारीकसारीक गोष्टींतून ऑपरेटिंग सिस्टिम तो गोळा करते आणि प्रोग्रॅमला बेभरवशाचे आकडे देते. ते घ्यायच्या खिडक्या दोन. ‘रँडम’ ही खिडकी साठा संपला की ताटकळत ठेवते. ‘यूरँडम’ ताटकळवत नाही, आहे त्या साठ्यावरून आकडे करत राहते, आणि सोडतीला ते पुरून उरतात. मी अतिशहाणा. जास्त सोवळी वाटली म्हणून पहिली निवडली. आता कळाच घोंगडीत, तर साठा वाढणार कुठून?

“तात्या, गाठ सोडा. कळा दाबाव्या लागतील.”

“मंजी हातचलाखी व्हय?”

“तुम्हीच दाबा. कुठल्याही.”

तात्यांनी गाठ सोडली. एका बोटानं, बी टोकावं तशा कळा दाबत राहिले. पाचेक मिनिटांनी यादी आली. पहिलंच नाव तात्यांचं.

मांडवात एकच गलका. “म्हाताऱ्यानं सोताचंच नाव टाईप केलं की!” कळांनी नाव ठरत नाही, हे मी घसा फोडून सांगितलं. ऐकतंय कोण? तात्या यादीकडं बघत राहिले. मग म्हणाले, “परत काढा. असला गाळा नगं मला.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तात्यांना दोन्ही खिडक्यांचं सांगत प्रोग्रॅममध्ये मी ‘रँडम’च्या आधी फक्त एक ‘यू’ घातला. तात्यांच्या कळांचा साठा आत होताच. एंटर दाबलं, आणि तात्या घोंगडी आवरेपर्यंत नवी यादी आलीसुद्धा. त्यात तात्या नव्हते. मांडव खूश. “आता कसं, खरं निघालं!”

पुढे एकदा इंदापूरला गेलो, तर तात्या रस्त्याकडेलाच बसलेले.

“सायेब, ती दुसरी खिडकी आधीच धरली असती तर?”

“तरी तुमचं नाव आलंच असतं असं नाही, तात्या.”

“ते हाय. पर आलेलं माघारी तरी द्यावं लागलं नसतं.”

तेव्हापासून माझ्या प्रोग्रॅममध्ये ‘यू’ असतोच.