फळ्यावरचा चैत्र

वर्षातला एकही दिवस रिकामा नसतो, असा ठाम विश्वास असलेला माणूस मी आजवर एकच पाहिला. ते आमच्या चौकातले फळ्याचे आबा. दीपनगरच्या वीजकेंद्रातून निवृत्त होऊन ते फैजपूरजवळच्या आमच्या गावात, म्हणजे आपल्या सासुरवाडीला, येऊन राहिले आणि आल्या आल्या वाचनालयाच्या भिंतीवर धूळ खात पडलेला फळा त्यांनी ताब्यात घेतला. नोकरीच्या ठिकाणी फाटकापाशी एक पाटी असे, अपघाताविना किती दिवस गेले ते सांगणारी. तिच्यावरचा आकडा रोज बदलायचं काम आबांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. त्यामुळे ज्या दिवशी काहीच वाईट घडत नाही तोही साजरा करायचा दिवस, असं त्यांचं मत पक्कं झालेलं.

फळ्याच्या वरच्या ओळीत तिथी आणि तारीख, खाली दिनविशेष. वर्तमानपत्रात छापून येणाऱ्या थोरामोठ्यांच्या जयंत्या ते वाचत, पण फळ्यावर घेत नसत. मूळचे धुळ्याकडचे, त्यामुळे बोलणं अहिराणी. ‘‘त्या पेपरवाला लिखतीन. आपला गावनं कोन लिखी?’’ असं विचारून ते खडू उचलत. नियम एकच होता: ज्यानं पाहिलं, किंवा ज्याच्या घरात ते सांगत आलेत, त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय फळ्यावर अक्षर उमटायचं नाही. चैत्रात तर त्यांना उसंत नसे. गावात पहिला फ्रीज आला आणि बघायला आलेल्यांनी बर्फ खिशात घालून नेला, तो चैत्रात. पिठाच्या गिरणीत माकड शिरून पांढरं होऊन बाहेर पडलं, तेही चैत्रात. एकदा त्यांनी लिहिलं, ‘आज आपल्या ड्रॉइंगच्या सरांचं पहिलं ठरलेलं लग्न मोडलं.’ सर ओलं फडकं घेऊन पुसायला धावले. संध्याकाळी सरांच्या बायकोनं येऊन ते पुन्हा लिहून घेतलं आणि खाली ‘बरं झालं’ एवढं जोडायला लावलं. रस्त्यात कोणी भेटलं की आबा रामराम घालायच्या आधी, तू याच दिवशी सायकलवरून गटारात पडला होतास, याची आठवण करून देत, आणि वर अभिनंदन करत.

अशा निरुपद्रवी माणसानं गावाला दंगलीच्या तोंडाशी नेऊन उभं केलं, हे सांगितलं तर खोटं वाटेल. आमच्या चौकात एका हुतात्म्याचा पुतळा आहे. स्वातंत्र्याच्या लढ्यात चैत्रातल्या एका दिवशी गोळी लागून गेलेला आमचा गाववाला. वरची गल्ली त्याचा दिवस तिथीनं पाळते, आमची खालची गल्ली तारखेनं. दोन्हींत सहसा काही दिवसांचं अंतर पडतं, म्हणून आजवर निभावलं. मी पत्रकांवर वाढलेला. वडिलांच्या संघटनेची उरलेली पत्रकं हीच माझी अंकलिपी. तारखेची बाजू मांडणारं आमच्या गल्लीचं पत्रक मीच लिहायचो. देशासाठी मेलेल्या माणसाला पंचांगात कोंडू नका, असं मी त्यात दरवर्षी बजावत असे, आणि माझं ते मत आजही बदललेलं नाही.

त्या वर्षी पाडव्याला आबा पंचांग आणि कॅलेंडर शेजारी ठेवून बसले आणि एकदम उठून गावभर साखर वाटत सुटले. तिथी आणि तारीख एकाच दिवशी येत होती. ‘‘भांडन मिटनं,’’ ते म्हणाले आणि लगेच फळ्यावर तसं लिहून टाकलं. मिटतं कसलं. त्याच संध्याकाळी दोन्ही गल्ल्यांनी ढोलताशे ठरवले. पुतळा एक, चौक एक, वेळ एक. पहिला हार कोणाचा? आणि त्याहून मोठा प्रश्न, फळ्याच्या वरच्या ओळीत आधी तिथी येणार की तारीख? दोन्हीकडचे लोक आबांच्या ओट्यावर येऊन गोड बोलून दम देऊन जाऊ लागले. आमच्याकडून मीच गेलो होतो. शांतता समितीच्या बैठकीत नवीन आलेल्या पोलीस साहेबांनी आबांना उभं केलं आणि सांगितलं, फळ्यावरून एक जरी दगड उडाला तरी फळा उचलून नेईन, पुन्हा तिथं खिळासुद्धा ठोकू देणार नाही. आबा खाली बसले ते बैठक संपली तरी उठले नाहीत. त्यानंतर कित्येक दिवस त्यांनी पडल्याबद्दल कोणाचं अभिनंदन केलं नाही.

तो दिवस उजाडला तोच तापलेला. वरच्या बाजूनं एक मिरवणूक, खालच्या बाजूनं आमची, मधे काठ्या घेतलेले पोलीस. ढोल थांबले होते आणि ते वाजत होते त्यापेक्षा जास्त भीती वाटत होती. कोणाच्या तरी हातातल्या झेंड्याची काठी झेंड्याच्या मानानं फार जाड होती. सगळ्यांचे डोळे फळ्याकडे. त्याच्यावर आबांनी आपलं उपरणं टांगलं होतं. ते त्यांनी सावकाश काढलं.

फळा कोरा होता. तिथी नाही, तारीख नाही.

‘‘बठ्ठा जन उनात,’’ जमलेल्या सगळ्यांवर नजर फिरवत आबा म्हणाले. ‘‘त्या दिनले काय व्हयनं, कोनी सांगा. मी लिखस.’’

वरच्या गल्लीच्या अध्यक्षांनी, गोळी लागली, असं सांगितलं. कुठं? कशापायी? सकाळी की दुपारी? अध्यक्षांनी मागं पाहिलं. मागच्यांनी त्यांच्या मागं पाहिलं. मग आबा माझ्याकडे वळले. माझ्या पत्रकात ‘धगधगते’ हा शब्द चार ओळींत तीनदा होता, पण त्या माणसाबद्दल दुसरं काही नव्हतं. वरच्या गल्लीतलं कोणीतरी हसलं. आमच्यातला एक जण बाह्या सारून पुढं झाला. साहेबांनी शिट्टी तोंडात धरली.

‘‘माले बी माहीत नही,’’ आबा म्हणाले. ‘‘सांगनारा गयात.’’

तेव्हा समोरच्या गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालत बसलेल्या म्हाताऱ्या अक्का कठड्याशी आल्या. पीठ लागलेले हात तसेच धरून त्या म्हणाल्या, ‘‘माही माय सांगे. त्या दिवशी सकाळी तो आमच्या घरी जेवला. कळण्याची भाकर होती. अर्धीच खाल्ली. अर्धी झाकून ठेव म्हने, वापस येतो मंग खातो. मायनं ती दोन दिवस झाकूनच ठिवली होती.’’

आबांनी खडू उचलला आणि तेवढंच लिहिलं. साहेबांनी दोनदा वाचलं, आक्षेपार्ह काही सापडेना. जाड काठीवाल्यानं झेंडा गुंडाळला. वरचे अध्यक्ष आमच्या अध्यक्षांना म्हणाले, पहिला हार तुम्ही घाला. आमचे म्हणाले, नाही, तुम्ही. त्यावरून पुन्हा आवाज चढू लागले, तेव्हा कंटाळून अक्काच खाली आल्या आणि त्यांनी दोन्ही हार एकदम घालून टाकले.

आबा आता धुळ्याला मुलाच्या फ्लॅटमध्ये असतात. लिफ्टजवळ त्यांनी एक पाटी टांगली आहे. लिफ्ट पहिल्यांदा बंद पडली, त्यात अडकून दोन शेजारणींचं जुनं भांडण मिटलं, असे तिथले दिनविशेष. तिथी आणि तारीख पुन्हा एकमेकींपासून दूर गेल्या आहेत आणि गल्ल्याही आपापल्या दिवशीच जमतात. फळा जागेवर आहे, तो आता मी लिहितो. पण दोन्ही दिवशी पुतळ्यापाशी एक थाळी उपडी ठेवलेली असते, आणि दोन्ही दिवशी ऊन चढायच्या आत आबांचा फोन येतो.

‘‘भाकर झाकी का रे?’’

‘‘झाकी, आबा.’’

मग पलीकडून खडू पाटीवर घासल्याचा आवाज येत राहतो.