तिघींबरोबर एक दगड

रविवार, ३१ ऑगस्ट. सकाळपासून वॉशिंग मशीनचा तिसरा लोड चालू आहे. परवा सिंगापूरहून परत आलो आणि दहा दिवसांचे घामट कपडे बॅगेतच होते. मशीनमध्ये टाकण्याआधी मी प्रत्येक खिसा तपासते, कारण एक टिश्यू राहिला तरी सगळ्या काळ्या कपड्यांची वाट लागते. आज माझ्याच लिननच्या पँटच्या खिशातून एक दगड निघाला. सुपारीहून थोडा मोठा, करड्या रंगाचा. तो तिथे कसा आला हे मला पक्कं माहीत आहे, मीच ठेवला होता. का ठेवला, ते मात्र नीट सांगता येत नाही... म्हणून मशीन थांबेपर्यंत लिहून बघते.

आधीच कबूल करते — इथे लोक पाठवतात तसले गूढ अनुभव मी वर्षानुवर्षं वाचते ते नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवून हसण्यासाठी. लंडनमध्ये हॅरोला एका जीपी सर्जरीत, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात, मी प्रॅक्टिस मॅनेजर आहे. दिवसभर माणसं जे सांगतात त्यातलं निम्मं बाजूला ठेवायचं आणि उरलेल्याला अपॉइंटमेंट द्यायची, हे माझं काम. भुतंखेतं, संकेत, स्वप्नात आलेले पूर्वज... यातलं काही माझ्या वाट्याला कधी आलं नाही आणि मी वाटही पाहिली नाही.

सिंगापूर हे आमच्या घरातलं जुनं प्रकरण. बाबा तरुण डॉक्टर असताना एकाच आठवड्यात त्यांना दोन पत्रं आली होती, एक सिंगापूरच्या हॉस्पिटलचं आणि एक कॉव्हेंट्रीचं. कॉव्हेंट्रीत एक मित्र होता म्हणून ते इकडे आले, आणि पुढे पिनरला घर घेतलं. पण दर हिवाळ्यात गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडताना त्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं, "सिंगापूरला असतो तर आत्ता हाफ शर्टात असतो!" मी आणि माझा भाऊ खिडकीतून तेच वाक्य त्यांच्याबरोबर म्हणायचो. रिटायर झाल्यावर जायचं म्हणून दोनदा तिकिटं पाहिली, दोनदा राहून गेलं. दोन वर्षांपूर्वी बाबाच गेले.

बाबांची आणखी एक खोड सांगायला हवी, कारण पुढे ती लागणार आहे. त्यांना बागेचं वेड. कुठेही झाड दिसलं की पान उलटून मागे मावा, ती बारीक कीड, लागलाय का ते बघायचे. स्वतःच्या बागेत ठीक आहे हो, पण लोकांच्या बागेत, डेंटिस्टच्या वेटिंग रूममध्ये, एकदा तर एका लग्नात स्टेजवरच्या कुंडीतसुद्धा! आई दातओठ खाऊन म्हणायची, "अहो, लोक बघतायत." आणि ते म्हणायचे, "लोकांनी पानं बघायला हवीत." पिनरला काचेच्या खोलीत त्यांनी कढीपत्त्याचं एक झाड बावीस वर्षं जगवलं होतं. थंडीत त्याला आईचा जुना स्वेटर घालायचे. ते गेले त्याच हिवाळ्यात झाडही गेलं. कुंडी तशीच आहे.

आता आई त्या घरात एकटी राहते. वय अठ्ठ्याहत्तर, एका हिपचं ऑपरेशन झालेलं, काठीशिवाय चालत नाही. मार्चमध्ये जिन्यावरून पडली, तासभर तिथेच बसून होती. घर विकायचं आणि तिने आमच्याकडे हॅरोला यायचं, हे मी कधीच ठरवलं होतं. एजंटचा फॉर्मही आणून ठेवला होता, फक्त तिची सही हवी होती. सुट्टीत निवांतपणे बोलू म्हणून तो पर्समध्ये घालून सिंगापूरला नेला. नवऱ्याला कामामुळे जमलं नाही. आई, मी आणि माझी सतरा वर्षांची मुलगी ईशा, अशा तिघी निघालो.

निघालो म्हणजे... आईला घ्यायला टॅक्सी पिनरला थांबली आणि आई दारात अडली.

"किती जण आपण?"

"तीन. आई, टॅक्सी उभी आहे."

"तिघांनी प्रवासाला निघू नये. तीन तिघाडा, काम बिघाडा."

"मग पायलटला धरून चार समज ना."

तिने माझ्याकडे लक्षच दिलं नाही. काठी टेकत काचेच्या खोलीत गेली आणि कढीपत्त्याच्या रिकाम्या कुंडीतून एक दगड उचलून आणला. तिघं असले की चौथा म्हणून दगड सोबत घ्यायचा, हे मी लहानपणी पाहिलेलं होतं. पण हीथ्रोला जाताना?

ईशाला मात्र मजा वाटली. "आजी, दगडला सीट बेल्ट लावू?"

"लाव. तुझे आजोबा बेल्ट लावल्याशिवाय गाडी सुरूच करायचे नाहीत."

सिक्युरिटीला बाईने पर्समधून दगड काढून विचारलं, हे काय? आई शांतपणे म्हणाली, "माय हजबंड्स." बाईने एकदा दगडाकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि जपून परत ठेवला.

पहिल्या सकाळी हॉटेलच्या ब्रेकफास्टला दारातल्या मुलीने विचारलं, "फोर?" मी म्हटलं, "थ्री." तिने आमच्या मागे पाहिलं, मग सॉरी म्हणाली, आणि तरीही टेबलावर चार कप ठेवले. चार खुर्च्यांचं टेबल होतं, ठेवणारच. दुसऱ्या दिवशी टॅक्सी केली. आम्ही तिघी मागे बसलो, तर ड्रायव्हरने पुढच्या सीटवरची स्वतःची पिशवी उचलून खाली ठेवली आणि थांबून राहिला. नीटनेटका माणूस असेल. नदीवरच्या बोटीत तिकीट बघणाऱ्या काकांनी माझ्या हातातली तीन तिकिटं घेतली आणि चौथ्यासाठी हात पुढे केलेलाच ठेवला. माझ्याकडे प्रत्येकाचं उत्तर होतं. ईशा मात्र मोजायला लागली. खाण्याच्या प्रत्येक ठिकाणी माझ्या कानात पुटपुटायची, "मम्मा, फोर अगेन."

जास्तीचा कप उचलायला कोणी आलं की आई फक्त हाताने थांबवायची. "राहू दे."

आणि फॉर्मचा विषय काढला की म्हणायची, "बघू."

शेवटचा दिवस उजाडला, गुरुवारचा. विमान रात्रीचं होतं, पण खोली बाराला सोडायची होती. बॅगा भरता भरता मी फॉर्म काढून पलंगावर ठेवला. "आई, आज शेवटचा दिवस आहे. हे करून टाकू या."

तिने घडी घातलेला कुर्ता पुन्हा उलगडला. "मी ते घर सोडलं, तर ह्यांनी यायचं कुठे?"

"आई, बाबा गेले. दोन वर्षं झाली."

हे मी ज्या आवाजात म्हणाले, त्या आवाजात मी सर्जरीत म्हणते, 'आता पुढच्या आठवड्यातलीच अपॉइंटमेंट मिळेल.' ईशा बॅगेची झिप लावत होती, ती थांबली. आईने दगड पर्समध्ये टाकला, काठी घेतली आणि दाराशी जाऊन उभी राहिली.

बॅगा हॉटेलच्या डेस्कवर ठेवून आम्ही बोटॅनिक गार्डनला गेलो. बाबांना तेवढंच बघायचं होतं, बाकीचं सिंगापूर त्यांच्या दृष्टीने जास्तीचं. आईला सावलीत एका बाकावर बसवलं आणि आम्ही दोघी पाणी आणायला गेलो. रांग होती, दहा-बारा मिनिटं लागली असतील. परत आलो तर बाक रिकामा.

काठी मात्र बाकाला टेकवून ठेवलेली.

आईचा फोन ईशाच्या बॅगेत होता. काठीशिवाय आई घरात किचनपासून जिन्यापर्यंतसुद्धा जात नाही. मी आधी टॉयलेट पाहिलं, मग पुढचं वळण, मग मागचं. आभाळ भरून आलं, गडगडायला लागलं. ईशा रडकुंडीला आली होती. "मम्मा, तू सकाळी तिला असा का बोलली?" माझं शेवटचं वाक्य तेच राहणार की काय, एवढं एकच डोक्यात होतं.

एक माळीणबाई भेटल्या. पन्नाशीच्या, मोठी हॅट, रबरी हातमोजे. मी आईचं वर्णन केलं — हिरवा कुर्ता, पांढरे केस, आखूड वेणी.

"यस, यस, आंटी विथ अंकल," त्या म्हणाल्या आणि खालच्या वाटेकडे हात केला. मग जरा रागानेच, "युअर फादर, इज इट? प्लीज टेल हिम, कॅनॉट टच द प्लांट्स. एव्हरी लीफ ऑल्सो ही मस्ट टर्न अँड सी!"

मी विचारलं, अंकल दिसायला कसे होते?

"ओल्ड, ला." तिथल्या ढंगात म्हणत त्यांनी खांदे उडवले. "शॉर्ट-स्लीव्ह शर्ट. आंटी होल्डिंग हिज आर्म."

सिंगापुरात ऑगस्टमध्ये लांब बाह्यांचा शर्ट कोण घालतं? सगळेच अर्ध्या बाह्यांत असतात. हे मी स्वतःला त्याच क्षणी सांगितलं, आणि मग धावले.

आई चांगली तीन-चारशे पावलं उतरून गेली होती. मसाल्याची झाडं लावलेल्या भागात एका बुटक्या कट्ट्यावर बसली होती, एकटी, पर्स मांडीवर. मागे कढीपत्त्याचं झाड. कुंडीतलं, स्वेटर घातलेलं नव्हे. जमिनीतलं, माझ्या डोक्याच्या वर हातभर गेलेलं, काळ्या फळांनी भरलेलं.

"आजी! तुझा काठी तिकडेच होता!" ईशाने काठी तिच्या हातात दिली.

"राहिली का? लागली नाही गं मला."

"कोणाबरोबर आलीस इथे?" मी विचारलं.

आईने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी शाळेचा डबा समोर असताना मी "डबा कुठे आहे" विचारलं की बघायची, अगदी तसं. मग म्हणाली, "तो फॉर्म आणलायस ना? दे."

पर्सवर ठेवून तिने सही केली. पेन तिचंच.

"आणि दगड?"

तिने झाडाच्या बुंध्याकडे मान हलवली. "ठेवला. सकाळी तू म्हणालीस ना, बाबा गेले म्हणून. गेले, कबूल. पण पोचवायला कोणी आलं नव्हतं त्यांच्याबरोबर. आता नीट पोचले."

मग पाऊस आला आणि आम्ही तिघी, मी एका बाजूने, ईशा दुसऱ्या बाजूने, मध्ये आई, काठी टेकत टेकत, तिच्या नेहमीच्या गोगलगायीच्या वेगाने गेटपर्यंत आलो. पंचवीस मिनिटं लागली.

समोर एक साधं कॉफीचं दुकान होतं. दारातल्या बाईने आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "थ्री?"

दहा दिवसांत पहिल्यांदा. तीन कप आले. चौथी खुर्ची तिने उचलून शेजारच्या टेबलाला दिली. ईशा माझ्याकडे बघत होती, मी कपाकडे. खरं सांगते, बाबा गेले त्या दिवशीही मला इतकं रिकामं वाटलं नव्हतं. त्या दिवशी कामं होती.

हॉटेलवर बॅगा घेतल्या. टॅक्सी आली, ड्रायव्हरने पुढच्या सीटवरची छत्री हलवलीसुद्धा नाही. आत बसण्याआधी मी वाकून दारातल्या मोठ्या कुंडीतून एक दगड उचलला आणि खिशात टाकला.

"काय करतेस?" आईने विचारलं.

"काही नाही. तिघी आहोत."

आई हसली. बाबा गेल्यापासून अशी हसली नव्हती.

तर हे असं. मी शक्य ते सगळं तपासून पाहिलं. तिथे म्हातारे भारतीय गृहस्थ ढिगाने असतील, त्यातल्या एखाद्याला पानं उलटून बघायची सवय असेल, त्याने भला माणूस म्हणून आईला हात दिला असेल. शक्य आहे. पण परक्या माणसाच्या हाताला धरून आई चालत नाही. ऑपरेशननंतर फिजिओवाल्या मुलीचाही हात तिने झिडकारला होता. आणि त्याने दिला असेल हात, तर गेला कुठे? त्या वाटेने परत येताना आम्हाला कोणी दिसलं नाही. आईला मी पुन्हा विचारलं नाही. विचारलं तर ती सांगेल, आणि मग मला त्याचं काहीतरी करावं लागेल. माझ्याकडे याचं उत्तर नाही. कोणाकडे असेल तर सांगा, पण "मनाचे खेळ" म्हणू नका. ते मी स्वतःला म्हणून झालंय.

मशीन थांबलं. बाकीचं उद्या.

सोमवार. काल हे लिहिलं आणि पाठवायचं राहिलं, म्हणून एवढं जोडते. आज कामावर जाण्याआधी पिनरला गेले. आई अजून झोपली होती. नऊ वाजता एजंटला फोन लावून फोटो काढायला गुरुवारची वेळ घेतली. सिंगापूरचा दगड कढीपत्त्याच्या कुंडीत ठेवला, जुना होता त्याच खळग्यात. तो बसला नीट. मग मागचं दार उघडं आहे का ते बघायला बागेत गेले आणि जाता जाता बाबांच्या गुलाबाचं एक पान उलटून पाहिलं.

मावा होता. सर्जरीत फोन केला, अर्धा तास उशीर होईल म्हणून सांगितलं, आणि साबणाचं पाणी करायला आत गेले.