गच्चीवरच्या ताई

सूर्य बुडाला की ताई गच्चीच्या कठड्याला टेकत आणि म्हणत, "आता वर उकळायला लागेल."

तुम्ही-आम्ही वर बघितलं तर काही दिसायचं नाही. पण ढगांच्याही पुष्कळ वर विजेने भारलेल्या विरळ हवेचा थर असतो. विषुववृत्ताच्या आसपास तो सूर्यास्तानंतर खालून बुडबुडे उठावेत तसा ढवळून निघतो. दक्षिणेतल्या एका रडारवर ताईंनी उमेदीची वर्षं त्याचे पडसाद टिपण्यात घालवली. आई पडली, अंथरुणाला खिळली, म्हणून त्या पेणला परतल्या. भाऊ आणि सगळं गणगोत केव्हाच इस्रायलला गेलेलं. आमच्या आळीतलं ते शेवटचं यहुदी घर. मी शेजारी.

गच्चीवर त्यांनी उपग्रहाचे सिग्नल पकडणारी अँटेना बसवली. वर ढवळलं की संगणकावर त्या सिग्नलची रेघ थरथरे. हमरापूरला गणपती रंगवायला जाणाऱ्या समोरच्या वहिनींनी विचारलं, "ताई, यावर सिरियली लागतात?"

"लागते गो, एकच. रोज संध्याकाळी."

शुक्रवारी मात्र पंचाईत. सूर्यास्ताआधी म्हातारी शब्बाथचा दिवा लावी. मग घरातल्या कुणी बटणाला हात लावायचा नाही. ताई स्वतः फारसं मानत नसत. "आईचं हाय ते," एवढंच म्हणत. मला परक्याला ती बंदी नव्हती. धाटावच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून मी आलो की आतल्या खोलीत संगणक लावायचो. त्या बाहेर आईचा हात धरून बसत.

"रेघ थरथरते का रे?"

"व्हय ताई, लय."

मग बाहेरून हसण्याचा बारीक आवाज यायचा.

गेल्या वर्षी आई गेली. दफनाला अलिबागकडून, रेवदंड्याहून माणसं आली. मृतासाठीची प्रार्थना म्हणायला त्यांच्यातलेच दहा पुरुष लागतात. नऊ जमले. दहाव्यासाठी ताई फोन करत राहिल्या. ऊन उतरू लागलं, तेव्हा मीच म्हटलं, "मी उभा राहू का?"

"तू मोजला जात नाहीस रे," त्या हळूच म्हणाल्या. "मी पण नाय."

प्रार्थना राहूनच गेली.

भाऊ तिकडे बोलावत होता, पण त्या पुन्हा रडारवरच गेल्या. निघताना मी अँटेना उतरवून दिली. दाराच्या चौकटीवर धर्मवचनाची छोटी डबी होती. तीही काढायची असेल म्हणून मी पेचकस लावला.

"राहू दे," ताई म्हणाल्या. "इथं कोण राहतच नव्हतं, असं नको वाटायला."

किल्ली माझ्याकडे आहे. अजून कुणी मागितलेली नाही.