डोंगर ओळखा

बुलढाण्याच्या कोर्टात बेलिफ असलेल्या प्रेमानंद इंगळ्यांनी जन्मात कुणाच्या थोबाडीत मारली नव्हती, पण लढायांचं वेड असं की विचारू नका. चिखली रस्त्यावरच्या घरात पुढच्या खोलीतलं टेबल थर्माकोलच्या टेकड्यांनी अडवलेलं. त्यावर बोटाएवढे शिपाई आणि फाशांवर चालणारी युद्धं. फासा वाईट पडला की शिपाई उचलून डब्यात टाकायचा. पाहुण्याला आधी साखरखेर्ड्याची लढाई ऐकावी लागे, मगच चहा मिळे.

असल्याच वेड्यांचा फोनवर एक ग्रुप होता. कुणी पुण्याचे, कुणी नागपूरचे, कुणी कुठले हे कुणालाच ठाऊक नाही. दर रविवारी प्रेमानंद त्यावर बातम्या टाकत: कुठल्या विहिरीत तोफगोळा सापडला, कुठल्या रणगाड्याचं नवं मॉडेल आलं. शेवटी एक कोडं, 'डोंगर ओळखा'. एखाद्या जुन्या रणभूमीचा फोटो द्यायचा आणि मंडळींनी नुसत्या डोंगराच्या कडेवरून, नकाशे जुळवून, जागा हुडकायची. रिकामटेकडेपणा म्हणा हवं तर, पण मंडळी त्यात भलती पटाईत झाली होती.

एका रविवारी मनाजोगता फोटो सापडेना, तेव्हा त्यांनी पोराने पाठवलेलाच टाकला. मुलगा जीवन फौजेत, सीमेवरच्या चौकीत. पत्र्याच्या लंगरपुढे, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरापुढे, ताटं धरून उभी असलेली पोरं आणि मागे करवतीच्या दात्यांसारखा डोंगर. सावधगिरी म्हणून प्रेमानंदांनी पोरांचे चेहरे झाकले, छातीवरच्या नावपट्ट्या झाकल्या, कोपऱ्यातली बंदूकसुद्धा कापून टाकली. डोंगर तेवढा ठेवला. डोंगर झाकला तर कोडं कसलं? संध्याकाळपर्यंत कोल्हापूरच्या एकाने नकाशावर नेमका लाल ठिपका ठेवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रेमानंदांनी 'शाबास' लिहिलं, आणि खाली हेही लिहिलं की माझा मुलगा तिथेच असतो. बापाचा ऊर भरून आला होता, दुसरं काय!

पुढे काही आठवड्यांनी सीमेवर तोफा धडाडू लागल्या आणि जीवनचा फोन लागेनासा झाला.

ग्रुपवर तर जत्राच भरली. कुणी गोळ्यांची जात ओळखत होतं, कुणी म्हणत होतं, इंगळेसाहेब, हा प्रसंग टेबलावर मांडा. प्रेमानंदांना तेव्हा तो लाल ठिपका आठवला. फोटो ग्रुपवरून काढून टाकायला गेले, तर तो फक्त त्यांच्याच फोनवरून निघाला. 'कृपा करून सर्वांनी तो फोटो काढून टाका,' त्यांनी लिहिलं. कुणीतरी हसरा चेहरा टाकून उत्तर दिलं, 'अहो, तो आमच्या दुसऱ्या दोन ग्रुपांवरही गाजला!'

हे बायकोला, महामायाबाईंना, सांगायचं कोणत्या तोंडाने? त्या त्यांच्याकडेच धीर मागत होत्या.

"तुमाले त लढाईतलं सारं समजते," त्या म्हणायच्या. "सांगा ना, आपलं पोरगं कसं असन?"

समजत होतं, तेच तर दुखणं होतं. जागा ठाऊक असली म्हणजे तोफेला काय कठीण, हे त्यांनी टेबलाशी बसून किती जणांना हौसेने समजावलं होतं. आता बुद्धमूर्तीपुढे बसले तरी त्रिशरण धड म्हणता येत नव्हतं. एके दुपारी त्यांनी टेबलावरचे सगळे शिपाई उचलून डब्यात भरले आणि मग डब्याकडे पाहून हुंदके देत बसले. महामायाबाईंना वाटलं, पोराच्या काळजीने रडताहेत. त्यांनी पाठीवरून हात फिरवला. तो हात त्यांना सोसवेना.

फोन आला तो सकाळी. महामायाबाई भाकरी थापत होत्या, त्या पिठाच्या हातानेच धावल्या. जीवन जिवंत होता! त्या रडल्या, हसल्या, फोन नवऱ्याच्या कानाला लावून पेढे आणायला निघाल्यासुद्धा.

"बाबा," जीवनचा आवाज बसला होता, "मी खालच्या चौकीत होतो म्हणून वाचलो. लंगरवरच गोळा पडला. ताटं घेऊन पोरं उभी होती. माह्या जोडीचा दीपक गेला, बाबा. मले समजून नाही राह्यलं, त्याईले जागा इतकी बराबर कशी माहीत पडली?"

प्रेमानंदांना गप्प बसता आलं असतं. पुराव्याने तरी कुणी काय सिद्ध करणार होतं? पण पोराने विचारलं होतं.

"जीवन, तो लंगरपुढचा फोटो मी ग्रुपवर टाकला होता. डोंगर ओळखाले. एकानं जागा काढली... बराबर तेच."

पलीकडे कुणीतरी खोकत होतं, गाड्या जात होत्या. प्रेमानंदांनी दोनदा हाक मारली.

"फोन ठेवा," तो शेवटी म्हणाला. "दीपकच्या मायले फोन लावाचा हाय मले."