दाबू नका, दुखतंय

माझी थोरली बहीण काच कापते. फोटोंच्या चौकटी आणि आरसे करून देण्याचं तिचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत आहे. तिच्या हत्यारापेक्षा तिची जीभ धारदार, असं गल्लीत म्हणतात आणि ते काही खोटं नाही. एखादं गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, चौकट जरा तिरकी वाटते," की ताई चष्म्यावरून बघते. "चौकट सरळ आहे. मान सरळ करा."

अशी ही बाई नवऱ्यापुढे मात्र दात आवळून खोटं बोलत राहिली. आठवलं की माझं डोकं अजून तापतं.

भावोजी न्हावी आहेत, पण त्यांचं नाव झालं ते मालिशमुळे. धरलेली मान, आखडलेली पाठ घेऊन लोक वाकत येतात आणि ताठ होऊन जातात. त्यांच्या हाताला गुण आहे हे सगळे मानतात. ते स्वतः जरा जास्तच मानतात.

ताईच्या छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले आणि परत आले. सुटलो एकदाचे, असं वाटलं. मग तिचा खुबा दुखायला लागला. तपासलं तर रोग हाडांत उतरलेला, खुब्यात आणि कमरेच्या मणक्यांत. डॉक्टरांनी दुखण्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. भावोजींनी त्या डब्यात घालून फ्रिजवर ठेवून दिल्या.

"ही अगदी शेवटची औषधं," ते म्हणाले. "आत्तापासून घेतलीस तर सवय लागेल. मग खरी गरज पडेल तेव्हा कुठे जाणार? माझे हात काय मेलेत?"

रोज संध्याकाळी ते तेल कोमट करायचे आणि तिच्या खुब्यावर अंगठे रोवायचे. ताई उशीचं टोक तोंडात धरायची.

"बरं वाटतंय?"

"हो," ती म्हणायची.

मी स्वयंपाकघरात नेऊन तिला झापलं. "गल्लीभर तोंड चालतं, आणि इथे काय झालं?"

"अगं, जगाची दुखणी घालवली त्या माणसाने. एका बायकोचंच जाईना, हे कसं सांगू त्याला?"

"म्हणून मरणार का?"

"ते तर आहेच," ती म्हणाली, आणि मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

वर भेटायला येणारे होतेच. ताईच्या सासूबाई म्हणाल्या, बाईच्या जातीने सोसावं. शेजारचे मास्तर म्हणाले, मन खंबीर ठेवा, वेदना मनाची असते. ताईने त्यांच्याकडे असं बघितलं की ते चहा अर्धा टाकून उठले. माझी देवावर श्रद्धा आहे. पण देवाचं नाव घेऊन दुसऱ्याला सोसायला सांगणारी माणसं बघितली की माझ्या तोंडाला नाही नाही ते येतं.

एक दिवस तिला जिना उतरता येईना. भावोजी त्यांच्या सलूनमध्ये होते, म्हणून मी रिक्षा केली आणि दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी खुब्याचा एक्स-रे उजेडावर धरला. "हे हाड आतून पोखरलंय. इथे जोर पडला तर मोडेल. मालिश वगैरे काही करत नाही ना?"

मीच सांगितलं. बाईंनी डोळे मिटून घेतले, मग बोलल्या. "मालिश आजपासून बंद. गोळी दुखायची वाट बघत घ्यायची नाही, घड्याळ बघून घ्यायची. पोट साफ राहायचं औषध सोबत देते, तेही चुकवायचं नाही. दुखण्यावर दिलेल्या गोळीचं व्यसन लागत नाही, आणि पुढे दुखणं वाढलं तर डोस वाढवता येतो. खुब्याला किरणांचा शेक देऊ, त्याने दुखणं पुष्कळ उतरतं. आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवू."

संध्याकाळी भावोजी तेलाची वाटी घेऊन आले. मी डॉक्टरीणबाईंचं म्हणणं सांगितलं, तर त्यांनी हात झटकला. "कालची पोर ती. तिला काय कळतंय? हात फिरला की तुझ्या ताईला बरं वाटतं. विचार तिलाच."

ताई दुकानातल्या खुर्चीत टेकून बसली होती. तिने टेबलावरची काचेची पट्टी ओढली, काच कापायच्या हिरकणीने तिच्यावर एक रेघ मारली आणि पट्टी त्यांच्यापुढे धरली.

"दाबा."

"काय?"

"रेघेवर अंगठे ठेवा आणि दाबा. रोज दाबता तसे."

"तुटेल की."

"कशावरून? अख्खी तर दिसतेय."

भावोजींनी वाटी खाली ठेवली, पण काचेला हात लावला नाही. काच कशी तुटते हे त्यांनी घरातच आयुष्यभर बघितलं होतं.

"माझ्या खुब्याला अशी रेघ पडलीय," ताई म्हणाली. "तुमच्या हातांनी मला कधी बरं वाटलं नाही. एकदासुद्धा नाही. जीव जायचा माझा. ऐकलंत? आता तो डबा काढा."

त्यांचा चेहरा असा उतरला की एरवी मला दया आली असती. त्या वेळी नाही आली. ते स्टुलावर चढले, डबा काढला आणि गोळी तिच्या तळहातावर ठेवली. मग हात कुठे ठेवावेत ते न कळून तसेच उभे राहिले.

चारेक दिवस गोळ्या वेळेवर गेल्या. दुखणं गेलं नाही, पण मागे सरकलं. एका सकाळी ताई खूप दिवसांनी पोटभर झोपून उठली. मला वाटलं, हसेल. ती रडायला लागली, आणि रडता रडता ओरडायला.

"म्हणजे हे असं होऊ शकत होतं? इतके दिवस? गोळी फ्रिजवर होती आणि मी उशी चावत होते?"

भावोजी दारात उभे होते. "चुकलं माझं," ते म्हणाले.

"तुमचं चुकलंच. माझंही चुकलं. ती सासू, तो मास्तर, सगळ्यांचं चुकलं. आता शेकाला कधी जायचंय ते बघा आणि गाडी सांगा. उभे काय राहिलात?"

ते गेले. मी तिच्या पाठीमागे उशी सारली. म्हटलं, "देवाने तुला सोसायची ताकद द्यावी म्हणून रोज प्रार्थना करत होते गं मी."

"ती बंद कर," ताई म्हणाली. "सोसायची ताकद माझ्याकडे ढीगभर आहे. तीच नडली मला. दुसरं काहीतरी माग."