आरशातला उजवा हात

शनिवारी दुपारी दोन वाजता मी वस्तरे पुसून ठेवायचो आणि माझ्या सलूनमध्ये गावातल्या वादकांचं ब्लूग्रास, आमचं डोंगरी तंतुवाद्यांचं संगीत, सुरू व्हायचं. व्हर्जिनियाच्या आमच्या कोळशाच्या डोंगरांत हॉबर्ट सिझमोरसारखा बँजो कुणाचा नव्हता. पण ‘बकआय खिंड’ ही स्वतः बांधलेली धून आली की तो खुर्ची फिरवून सगळ्यांकडे पाठ करायचा. तरुणपणी एका पाहुण्याने त्याची धून उचलून स्वतःच्या नावावर रेकॉर्ड काढली होती, तेव्हापासून.

नोला स्टॅसी शर्टांच्या कारखान्यात बाह्या शिवायची. आपल्या बँजोची बंद पेटी मांडीवर घेऊन दाराजवळच्या बाकावर बसायची, वाजवायची मात्र कधीच नाही. हॉबर्टच्या रेकॉर्डी निम्म्या वेगाने लावून चार वर्षं ती त्याचा हात शिकत होती. ‘बकआय खिंड’ तेवढी कुठल्याच रेकॉर्डवर नव्हती.

ती कुठे बघते हे सगळ्यांत आधी मला कळलं. माझ्या आरशात हॉबर्टचा उजवा हात दिसायचा, आणि नोलाची बोटं पेटीवर त्याच्यामागोमाग चालायची. हॉबर्टला मी ते सांगितलं नाही.

ऑक्टोबरात एकदा हॉबर्टने धून मध्येच तोडली. आरशातून तो तिच्या बोटांकडे बघत होता.

“एस्टिल, दाराला कडी घाल,” तो मला म्हणाला. मी घातली.

“पेटी उघड, पोरी. किती उचललंस ते ऐकू दे.”

“चोरी ती चोरीच,” फिडलवाला डेल्मर पुटपुटला.

नोलाने तारा छेडायच्या नख्या बोटांत चढवल्या. त्यातली एक नखी दोनदा खाली पडली, कुणी वाकून उचलून दिली नाही. पहिला भाग तिने हुबेहूब वाजवला. दुसऱ्यात अडली. पुन्हा सुरुवात केली, तिथेच अडली, आणि तिने हात खाली घेतला.

हॉबर्ट उठला. खाणीने त्याची छाती खाल्ली होती. चार पावलांत त्याला धाप लागली. तो बँजो हिसकावणार असं वाटून मी पुढे सरकलो.

“उद्या कुणी रेकॉर्डला बोलावलं तर?” त्याने विचारलं.

नोलाने मान वर केली. “जाईन, काका. पण धून कुणाची ते आधी सांगेन.”

“नाही जाणार असं खोटं म्हणाली असतीस, तर हाकललीच असती,” हॉबर्ट म्हणाला. त्याने खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसला. “तिथे अंगठा नाही, तर्जनी. अंगठ्याआड ती तुला दिसली नाही. आता नीट बघ.”

डेल्मर कडी काढून निघून गेला. तीन आठवडे आला नाही.

हॉबर्ट फेब्रुवारीत गेला. शेवटच्या भागाची बोटं दाखवायची राहिली; ती नोलाने स्वतःच बसवली.

“हॉबर्ट असं वाजवत नव्हता,” डेल्मर अजून तिला ऐकवतो.

“माहीत आहे मला,” नोला म्हणते, आणि स्वतः बसवलंय तसंच वाजवते.