प्रोव्होक करणारे सर

उज्जैनमध्ये होणाऱ्या भांडणांपैकी निम्मी तरी आमच्या इंग्रजीच्या सरांनी लावलेली असतात, असं माझं ठाम मत आहे. रिटायर झाल्यापासून तर त्यांना नुसता ऊत आलाय. वर विचारलं तर म्हणणार, "मी भांडतो कुठे, शिकवतो!"

शाळेत 'प्रोव्होक' हे क्रियापद शिकवायचं होतं, तेव्हा सगळ्या वर्गादेखत त्यांनी माझं अक्षर काढलं. "कोंबडीनं शाईत पाय बुडवून लिहिलंय का हे?" मी ताडकन उभी राहिले, तर हा गृहस्थ शांतपणे फळ्यावर लिहितोय, 'शी इज प्रोव्होक्ड'! आणि मग प्रवचन. म्हणे डिक्शनरीतला 'चिडवणे' हा अर्थ अर्धवट आहे. राग असो, हसू असो, विचार असो, माणसाच्या आत जे निजलंय ते डिवचून बाहेर काढणं म्हणजे प्रोव्होक. अहो, पण त्यासाठी माझंच अक्षर सापडलं? शाळेबाहेरही तेच. एकदा मी बरोबर असताना टावर चौकात पोहेवाल्याच्या बाकावर बसून, त्याच्याच प्लेटमधले पोहे खात हे मोठ्यांदा म्हणणार, "पोहे खावेत तर इंदूरचे." उज्जैनमध्ये! त्या बिचाऱ्यानं झारा आपटला. "मास्साब, तो फिर इंदौर ही जाओ ना!" सर माझ्याकडे वळून खूष. "बघ, वाक्यात उपयोग." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण यंदा त्यांनी हद्दच केली. बाबांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. हातपाय सुधारले, पण बोलणं बंद. डॉक्टर म्हणाले, जीभ जड आहे, तरी बोलता येईल. मात्र प्रयत्न त्यांनीच करायला हवा. बाबा करतच नव्हते. शब्द वेडावाकडा निघतो याची लाज! मी आणि आई त्यांच्या नुसत्या नजरेवर पाणी, चादर, रिमोट हातात देत होतो आणि ते भिंतीकडे तोंड करून पडून राहत. आता हा आवाज पुन्हा कधी ऐकू येणार नाही, या भीतीनं माझा जीव अर्धा झाला होता.

अशात एका रविवारी सर आले. बाबांचे ते जुने दोस्त. विचारपूस नाही, काही नाही, खुर्ची ओढून बसले. आमच्याकडे रविवारचे दाल-बाफले बाबाच करत. कणकेचे गोळे आधी उकडायचे, मग शेकायचे (न उकडता शेकले तर ती नुसती बाटी), आणि त्यात दुसऱ्या कुणी हात घालायचा नाही. सर बाबांना म्हणाले, "अण्णा, तुझ्या बाफल्यांत काही दम नव्हता हं. दोस्तीखातर गिळत होतो. उगाच उकडत बसायचास. डायरेक्ट शेकायचे, काय फरक पडतो?"

आजारी माणसाशी असं बोलतात? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सर, तुम्ही आधी उठा इथून!"

सर ढिम्म. बाबांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"बाटी काय नि बाफला काय, एकच," सर म्हणाले.

"मू... मूर्खा," बाबा म्हणाले. "उ... उकडल्याशिवाय... बाफला?"

आईनं पदर तोंडाशी नेला. सरांनी चष्मा काढला.

"परत म्हण," ते म्हणाले. "अण्णा, नुसतं मूर्ख म्हण, पण परत म्हण रे."

बाबांनी म्हटलं, आधीपेक्षा बरंच स्पष्ट. सरांनी सदऱ्याच्या टोकानं डोळे पुसले, चष्मा परत चढवला आणि खुर्ची बाबांच्या आणखी जवळ ओढली.